कारण : वैयक्तिक

माझ्या नोकरीच्या नोंदीत लिहिलेलं आहे की मी ‘वैयक्तिक कारणासाठी’ राजीनामा दिला. हे खोटं आहे, आणि ते माझ्याच हातून लिहून घेतलं गेलं. नंतर दुसरी नोकरी लागली, झोपही बऱ्यापैकी परत आली, पण ती एक ओळ मनातून जात नाही.

मी अकोले तालुक्यातली, कोतूळच्या बाजूची. घरी गाई, थोडा ऊस, टोमॅटो. संगमनेरला इंजिनिअरिंग, मग हिंजवडी, लग्न, मोशीत फ्लॅट, हप्ते, एक मुलगा. आमच्याकडची कितीतरी मुलं याच वाटेने पुण्याला गेली, त्यामुळे त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही. एकाच कंपनीत अकरा वर्षं काढली. अमेरिकेतल्या एका ग्राहकाची पेमेंटची सिस्टिम आमची टीम सांभाळायची. रात्री साडेनऊला मीटिंग आणि पाळीपाळीने ऑन-कॉल. तो आठवडा आला की फोन झोपताना उशाशी, स्वयंपाक करताना ओट्यावर, देवळात गेले तरी हातात. मध्यरात्री प्रॉडक्शन बंद पडलं की तो वाजायचा आणि पाच मिनिटांत लॅपटॉपसमोर बसावं लागायचं. तरी मला हे काम आवडायचं, हेही इथेच सांगते. रात्री दोन वाजता बिघाड सापडतो, कोडमधली एक ओळ बदलते आणि अडकलेले व्यवहार धडाधड सुटायला लागतात, तेव्हा जे वाटतं ते मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जाहीर केलं की २ टक्के, म्हणजे सुमारे १२ हजार माणसं कमी करणार. माझी कंपनी वेगळी आणि खूपच लहान, पण त्या आठवड्यापासून आमच्या मजल्यावरही कुणी मोकळेपणाने बोलेना. ऑगस्टमध्ये एका दुपारी कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग येऊन पडली. विषय नुसता ‘कनेक्ट’.

कॉलवर दोघं होते. ज्यांच्या हाताखाली मी आठ वर्षं काम केलं ते मॅनेजर, कॅमेरा बंद करून. आणि एचआरची एक मुलगी, जिला मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. ती समोरचं वाचून दाखवत होती हे तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. कंपनीला तुमची भूमिका यापुढे लागणार नाही. तुमच्यासमोर दोन पर्याय आहेत. आज संध्याकाळी सहापर्यंत पोर्टलवर राजीनामा टाकला तर तीन महिन्यांचा बेसिक पगार आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर मिळेल. नाही टाकला तर कंपनी तुम्हाला काढेल आणि पुढच्या नोकरीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये ते दिसेल.

मी विचारलं, “माझ्या कामात काही कमी पडलं का?”

“नाही मॅम, तुमचं रेटिंग चांगलं आहे.”

“मग मीच का?”

“निर्णय झालेला आहे.”

“हे सगळं मला मेलवर पाठवा.”

“हे फक्त बोलणं आहे मॅम, मेल येणार नाही.”

“नवऱ्याशी बोलायला उद्यापर्यंत वेळ द्या.”

“सहापर्यंत आहे ना.”

मॅनेजर शेवटी एवढंच म्हणाले, “टेक केअर.” कॉल कट झाला. शाळेची बस यायला वेळ होता. मी पोर्टल उघडलं.

राजीनाम्याच्या फॉर्मवर कारणाचा रकाना होता, लाल फुलीचा. म्हणजे तो भरल्याशिवाय खालचं बटणच चालू होत नाही. त्यात ड्रॉपडाउन : उच्च शिक्षण, चांगली संधी, स्थलांतर, लग्न, आरोग्य, वैयक्तिक. संपली यादी. ‘कंपनीने सांगितलं म्हणून’ असा पर्याय नसणार हे मला कळत होतं. पण ‘इतर’सुद्धा नव्हतं. मी स्वतः असले शेकडो फॉर्म बनवले आहेत. नवशिक्या डेव्हलपरलाही शिकवलं जातं की यादीच्या शेवटी ‘इतर’ ठेवायचं आणि ते निवडलं की खाली लिहायला चौकट उघडायची. ती चौकट इथे नव्हती, कारण त्या चौकटीत माणसं खरं लिहितील. आणि खरं लिहिलं तर ते कंपनीच्याच डेटाबेसमध्ये, तारीख-वेळेसकट, कायमचं राहील. यादीत एक ओळ वाढवायला पाच मिनिटं लागतात. ती नसावी हे कुणीतरी बसून ठरवलं, कुणीतरी तसं लिहून दिलं, माझ्यासारख्याच कुणी डेव्हलपरने ते बनवलं, कुणी तपासून पास केलं. तंत्रज्ञान तटस्थ असतं, वापरणारा चांगला-वाईट, असं मी कॉलेजपासून ऐकत आले. ते मला आता पटत नाही. त्या यादीत खोटं बोलण्यावाचून दुसरा मार्गच ठेवला नव्हता. मी ‘वैयक्तिक’ निवडलं आणि बटण दाबलं. सात वाजता मेल बंद झाला.

त्या एका शब्दाची किंमत मला पुढे वकिलांकडे कळली. तेव्हा १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता. त्याच्या ‘कामगार’ या व्याख्येत तांत्रिक काम करणाराही येत होता. मोठा पगार आहे एवढ्यावरून कोड लिहिणारी बाई त्यातून आपोआप बाहेर पडत नव्हती. अशा माणसाला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागायचा. अकरा वर्षांचे किती होतात ते मी तिथेच बसून मनात मांडलं. मग वकिलांनी विचारलं, “राजीनाम्यात कारण काय लिहिलंय?” मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. जबरदस्तीने राजीनामा घेतला हे सिद्ध करता येतं, म्हणाले, पण पुरावा तुम्हालाच आणावा लागेल. माझ्याकडे काय होतं? पंधरा मिनिटांच्या मीटिंगचं निमंत्रण, आणि तेही बंद झालेल्या मेलमध्ये.

पोळ्याच्या आधी मी माहेरी आले. नवऱ्याचा जुना लॅपटॉप बरोबर घेतला होता. सकाळी उघडून बसायचे म्हणजे काम चालू आहे असं दिसेल. माहेरवाशीण आठवडाभराहून जास्त राहिली की गल्लीत प्रश्न सुरू होतात. “जावई नाही आले?” “मुक्काम वाढला गं यंदा.” आईने ओळखलं, पण विचारलं नाही. वडिलांनी, म्हणजे नानांनी, दुधाच्या किटल्या डेअरीवर घालून आल्यावर थेट विचारलं, “काढलं का तुला?” मी हो म्हटलं. तर म्हणाले, “हिशेब केला का सगळा?” दुसरं काही नाही. माझं रडू त्या प्रश्नाने थांबलं, कारण तो कामाचा प्रश्न होता.

माझा आतेभाऊ अकोले आगारात वाहक आहे. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला, तेव्हा तोही घरी बसला होता, पगाराविना. पुण्यात एसटीवाचून हाल झालेल्या लोकांसारखीच मीही तेव्हा त्याच्यावर चिडले होते. तो भेटायला आला आणि त्याने विचारलं, “तुमच्यातल्या किती जणांना काढलं?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे? एकाच ऑफिसात बसता ना?”

काय सांगणार त्याला? प्रत्येकाला वेगळा कॉल, वेगळी वेळ, बोलायचं नाही अशी तंबी, आणि संध्याकाळी ग्रुपमधून एकेक नाव गायब. मी कुणाला फोन केला नाही, मलाही कुणी केला नाही. लाज वाटत होती, सगळ्यांनाच वाटत असणार. त्याच्या संपात एसटीच्या राज्य सरकारात विलीनीकरणाची मागणी काही मान्य झाली नाही, पण आपल्या आगारातले कोण कोण निलंबित झाले हे त्याला नावानिशी पाठ आहे.

माझ्या तालुक्याला मागायचं कसं हे चांगलं ठाऊक आहे. एप्रिल २०२३ मध्ये किसान सभेचा मोर्चा अकोल्याहून लोणीकडे पायी निघाला. तो लोणीला पोहोचायच्या आत मंत्री रस्त्यातच चर्चेला आले, त्यात कामगारमंत्रीही होते. जुलै २०२४ मध्ये दुधाला लिटरमागे ४० रुपये मागत शेतकऱ्यांनी कोतूळला धरणं धरलं होतं, नाना तिथे जाऊन बसायचे. मी पुण्याहून फोन करायचे, पावसात बसू नका, तब्येत सांभाळा. तब्येत सांभाळा हे आम्ही आयटीवाले फार सहज म्हणतो. आमच्या कंपनीने ध्यानाचं ॲप दिलं होतं, ताण कसा हाताळावा यावर व्याख्यानं ठेवली होती. त्यातलं काही वाईट नव्हतं, श्वासाचा व्यायाम मी आजही करते. पण ताण कुठून येतो हे त्यात कधी कुणी बोललं नाही, तो माझ्याच मनात तयार होतो असं धरून सगळं चालायचं.

त्याच महिन्यात, जुलै २०२४ मध्ये, पुण्यात नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेली केरळची २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी गेली. तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये सगळीकडे फिरलं. आम्ही ते कँटीनमध्ये वाचलं, सुन्न झालो, आणि रात्री साडेनऊला मीटिंगला बसलो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं आहे की आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो. तरी आपल्याकडे २०२३ मध्ये ७० तासांचा आणि २०२५ मध्ये ९० तासांचा उपदेश झाला. मी हे तावातावाने सांगत होते तेव्हा नाना म्हणाले, “आमचे तास कुणी मोजले?” खरं आहे. पहाटे चारला उठून धारा काढणाऱ्या माणसासमोर तासांची तक्रार तोकडी पडते. त्या दिवशी मला त्यांचं पटलं. दुसऱ्या दिवशी पटेनासं झालं, कारण त्यांच्या न मोजलेल्या तासांचा भाव पडला तेव्हा तेही रस्त्यावर बसलेच होते. आणि रात्री तीनला, न वाजलेला फोन ऐकू येऊन मी दचकून उठायचे, ते माहेरीही चालूच राहिलं.

मला शेती करायला परत यायचं नाही. गावाकडे चला असं लिहिणाऱ्यांनी दुधाच्या दरावर आठ दिवस घर चालवून दाखवावं. आता खराडीच्या एका कंपनीत आहे, पगार थोडा कमी, ऑन-कॉल इथेही आहे आणि मी त्याला हो म्हटलं. मुलाखतीत विचारलं, आधीची नोकरी का सोडली? मी सांगितलं, सोडली नाही, दुपारच्या एका कॉलवर राजीनामा मागितला. समोरचे क्षणभर थांबले आणि पुढचा प्रश्न विचारला. ज्या नोंदीची भीती घालून माझा राजीनामा घेतला, तिचा एवढाच बाऊ होता.

तुम्हाला असा कॉल आला तर त्याच दिवशी काहीही भरू नका. कॉल संपताच, मेल बंद व्हायच्या आत, काय बोलणं झालं ते तारीख-वेळेसकट एचआरला लिहा आणि त्याची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा. कामगार आयुक्तांचं कार्यालय तुमच्यासाठीही आहे, तिथे अर्ज द्या. रात्र जड जात असेल तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि संध्याकाळी ग्रुपमधून ज्याचं नाव गेलं असेल, त्याला फोन करा.