कुंपणाचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात आमच्या घराची उत्तरेकडची भिंत पडली. रात्रभर पाऊस कोसळत होता. सकाळी उठून पाहतो तो 72 फुटांपैकी निम्मी भिंत शेजाऱ्यांच्या भाजीच्या वाफ्यात आडवी झालेली. उरलेली निम्मी इतकी कलली होती की तीही उतरवावी लागली. कुणाला इजा झाली नाही, एवढे नशीब. भिंतीला पाणी जायला एक भोकही ठेवलेले नव्हते. चढावरून येणारे पाणी इतकी वर्षे तिच्या पायाशी साचत होते आणि पाया पोखरत होते.

आमचे गाव भिवंडी-वाडा रस्त्यालगतचे. कोकणी मुसलमानांची आणि आगऱ्यांची घरे एकमेकांना लागून. पूर्वी तिथे भिंत नव्हती, वई होती. ऐनाचे खांब, मधे बांबू, त्यात खोचलेली करवंदीची काटेरी झुडपे. पाऊस सरला की दोन्ही घरची माणसे मिळून ती नवी करायची. बांबू आमचा, काट्या त्यांच्या. खर्च कुणी लिहून ठेवल्याचे मला आठवत नाही.

1984 च्या मे महिन्यात भिवंडीत दंगल उसळली, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. शहराच्या दिशेला धूर दिसत होता. रस्त्याने जमाव येतोय अशी आवई उठली. तेव्हा शेजारच्या काकांनी वईतले दोन बांबू उपसले आणि त्या फटीतून आम्हां सर्वांना आत घेतले. दोन रात्री आम्ही त्यांच्या भाताच्या कणगीमागे झोपलो. जमाव आलाच नाही. पण पाऊस लागायच्या आत अब्बांनी वई काढून भिंत बांधली. त्यांना भीती शेजाऱ्यांची नव्हती, बाहेरून येणाऱ्यांची होती. पण उघडी बाजू तेवढीच होती, म्हणून भिंत तिथे उभी राहिली. ज्या फटीतून आम्ही वाचलो, ती फटच बुजली.

पुढे मोहल्ला कमिट्या आल्या. सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने भिवंडीत हिंदू-मुसलमान एकत्र बसू लागले. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या दिवसांत अब्बा ओट्यावर बसून भिंतीकडे पाहत असायचे. पण उभी भिंत पाडायला कोण पैसे खर्च करतो? शेजारच्या काकींचे कैरीचे लोणचे आमच्याकडे यायचे ते रस्त्याने वळसा घालून.

भिंत पडल्यावर आता काय बांधायचे, हा प्रश्न माझ्यापुढे आला. अब्बा नाहीत. मी कागद-पेन घेऊन बसलो.

विटांची पाच फुटी भिंत, पाया आणि गिलाव्यासह, कंत्राटदाराने 1 लाख 20 हजार सांगितली. लाकडी कुंपणाची चौकशी केली. दर सहा फुटांवर एक याप्रमाणे 13 खांब, आडव्या पट्ट्यांच्या दोन ओळी आणि तीन इंच फट ठेवून ठोकलेल्या 144 उभ्या फळ्या. सगळे मिळून लाकूड सुमारे 21 घनफूट. वखारीत सागाचा भाव घनफुटाला 4 हजार निघाला. म्हणजे 84 हजार नुसते लाकडाचे, मजुरी वेगळी. मी कागद घडी करून खिशात घातला.

वाट दाखवली ती सुताराने. तो म्हणाला, "जुने घर उतरवलेत, त्याचे वासे मागे पडलेत ना?" अब्बांच्या घराचे सागवानी वासे मी ताडपत्रीखाली ठेवले होते. विकवत नव्हते आणि उपयोगही नव्हता. त्यांतून 13 खांब आणि आडव्या पट्ट्या निघाल्या. जुन्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. कडेचा पांढरट भाग मात्र ती खाते, म्हणून तो तासून काढायचा.

फळ्यांसाठी आम्ही काल्हेर-पूर्ण्याच्या बाजूला गेलो. ज्या भिवंडीत एकेकाळी फक्त मागांची खडखड ऐकू यायची, तिथे आता मैलोगणती गोदामे आहेत. माल ठेवायच्या लाकडी पॅलेट जुन्या झाल्या की विकल्या जातात. परदेशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो, तो पाहून घ्यावा. 'एचटी' म्हणजे किडीसाठी गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटे तापवलेले लाकूड. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. ते स्वस्त मिळाले तरी घरी आणू नये. आम्ही 'एचटी'च्या 16 पॅलेट प्रत्येकी 300 रुपयांना घेतल्या.

हिशेब असा झाला. पॅलेट 4,800, टेम्पो 1,500, सुतार आणि मदतनीस चार दिवसांचे 6,800, खिळे-डांबर-खडी-सिमेंट 3,200, रंग 2,700. एकूण 19 हजार. पण हे पाइनचे मऊ लाकूड आपल्या पावसात फार टिकत नाही. फळी जमिनीपासून तीन इंच वर ठेवायची, टोक तिरके कापायचे म्हणजे पाणी निथळते. खांबाचा पुरायचा दोन फूट भाग डांबरून खाली खडी घालायची. आणि दर मे महिन्यात रंगाचा हात, कुजलेली फळी बदलणे. दहा वर्षांत कुंपण 40 हजारांवर जाईल. भिंत एकदा बांधली की विसरता येते, कुंपण विसरता येत नाही.

बायकोचे म्हणणे वेगळेच होते. "धुण्याच्या जागी मला आडोसा हवा. फटीतून सगळे दिसणार असेल तर तुमचा शेजारधर्म तुम्हीच धुणी धुऊन सांभाळा." तिचे बरोबर होते. तेवढ्या 12 फुटांत फळ्या उंच आणि फट न ठेवता ठोकायचे ठरले. त्यासाठी आणखी चार पॅलेट आणल्या, 1,200 रुपयांच्या.

खांब पुरण्यापूर्वी मोजणी करून घ्यावी असे मी ठरवले. उगाच पुढे वाद नको. भूमिअभिलेख खात्याचा मोजणीदार आला, त्याने खुणा केल्या आणि मी पाहतच राहिलो. अब्बांची भिंत सबंध लांबीभर शेजाऱ्यांच्या जमिनीत हातभर आत होती. इतकी वर्षे.

मी खजील होऊन शेजाऱ्यांकडे गेलो. काका-काकी आता नाहीत. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. मी माफी मागू लागलो तर तो म्हणाला, "आम्हांला ठाऊक होतं, दादा. बाबा एकदा बोलायला निघाले होते. आईनं अडवलं. म्हणाली, भ्यालेल्या माणसाशी हातभर जमिनीसाठी भांडू नये."

शेजाऱ्याने आपल्या भिंतीत लाकूड रोवायचे म्हटले तर त्याला अडवू नये, अशी एक हदीस अब्बा आम्हांला सांगत. ती पाळली मात्र काकींनी, त्यांनी ती कधी ऐकली नसणार.

खांब खऱ्या हद्दीवर पुरले. जुन्या वईची एक ऐनाची मेढ तिथेच मातीत सापडली, अर्धी कुजलेली. शेजाऱ्याने रंगाचे निम्मे पैसे पुढे केले. मी नको म्हणणार होतो, पण घेतले. कागदावर 1,350 रुपये जमेच्या बाजूला लिहिले. हातभर जमिनीची रक्कम कुठल्या बाजूला लिहावी ते मात्र कळले नाही. ती जागा कोरी ठेवली आहे.

कोपऱ्यात चार फुटांची जागा सोडून बेडे बसवले आहे. त्याला कुलूप नाही.