बटनाची साक्ष

मोटारीचें ऑइल स्वतःच्या हातानें बदलणें हें आपल्या सुशिक्षित कुटुंबांत अजूनहि किंचित् हलकें काम समजतात. अमेरिकेंत, दक्षिण कॅरोलिनांत, आम्ही बरींच वर्षें राहत आहों, तरी घरीं येणारे स्नेही आमचे काळे हात पाहून "एवढ्यासाठीं माणूस मिळत नाहीं काय?" असें विचारतातच. माणूस मिळतो. परंतु ज्या यंत्राच्या स्वाधीन आपण आपला जीव करितों, त्याच्या पोटांत काय आहे हें वर्षांतून एकदां तरी स्वतः पाहावें, असें आम्हांस वाटतें.

आमची गाडी बी. एम्. डब्ल्यू. कंपनीची २००४ सालची झेड-फोर. दोन आसनांची, उघडमीट टपाची, व आमच्याच राज्यांतील स्पार्टनबर्गच्या कारखान्यांत तयार झालेली. घेतली ती वापरलेली. किल्ली फिरवितांच, पुढील ऑइलला अजून हजारों मैल अवकाश आहे, असें तबकडीनें सांगितलें. आम्हीं तरीहि गाळणीचें झांकण काढलें. आंत कागदी घड्या चिकटून लगदा झाला होता, आणि पट्टीला ऑइल जेमतेम टेंकत होतें. कोणीं तरी ऑइल न बदलतांच बटन दाबलें असावें.

काम अवघड नाहीं. इंजिन कोमट करून गाडी उचलावी व भक्कम घोड्यांवर टेंकवावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर खालीं कदापि शिरूं नये. प्रथम गाळणीचें झांकण ३६ मिलिमीटरच्या पान्यानें सैल करावें, म्हणजे तेथील ऑइल खालीं उतरतें. मग चेंबरचा बोल्ट १७ च्या पान्यानें काढून सारें ऑइल घमेल्यांत गळूं द्यावें. गाळणी नवी, झांकणाची रबरी कडी नवी, बोल्टाचा तांब्याचा वायसरहि नवा. बोल्ट व झांकण दोन्ही २५ न्यूटन-मीटर आवळावीं. अंगांतला जोर दाखवूं नये. नंतर साडेसहा लिटर ऑइल ओतावें, इंजिन थोडें चालवून बंद करावें, आणि गळती व पट्टी पाहावी. जुनें ऑइल गटारांत न ओततां सुटे भाग विकणाऱ्या दुकानीं द्यावें. तेथें तें पुनर्वापरासाठीं घेतात.

शेवटीं तबकडीचा हिशेब. प्रवासाचे मैल शून्यावर आणणारें बटन दाबून धरून किल्ली पहिल्या घरापर्यंत फिरवावी. अक्षरें उमटलीं कीं बटन सोडून पुन्हां दाबून धरावें. तीं लुकलुकूं लागलीं कीं एकदां हलकेंच दाबावें. झालें! ही मोजणी जळलेल्या पेट्रोलवर चालते. चेंबरांतील ऑइल नवें कीं जुनें, हें ती विचारीत नाहीं.

यंदा मुदत संपल्याची खूण दिसूं लागली त्या रविवारीं पाऊस होता. आमचा मुलगा म्हणाला, "बाबा, बटन आज दाबूं या, ऑइल पुढच्या रविवारीं बदलूं. कोणाला कळणार आहे?"

त्याच्या बोलण्यांत कपट नव्हतें. होता तो केवळ कंटाळा. परंतु जगांतल्या पुष्कळ खोट्या नोंदी अशा कंटाळ्यांतूनच होतात. प्रगतिपुस्तकावर न वाचतां केलेली बापाची सही ही तरी दुसरें काय असते? आम्हीं त्यास त्या लगदा झालेल्या गाळणीची आठवण दिली. हें यंत्र आपण सांगूं तें खरें मानतें, म्हणूनच त्याला खोटें सांगूं नये. उद्यां गाडी दुसऱ्याच्या हातीं गेली, तर तो बिचारा आपल्याच शब्दावर चालेल.

आठ दिवस ती खूण तबकडीवर तशीच राहिली. पुढच्या रविवारीं ऑइल बदललें, आणि बटन मुलानें दाबलें.