तीन पाती, एक पातळी

गणिताच्या तासाला ‘समान’ हा शब्द किती वेळा तोंडात येतो, याची गणतीच नाही. समान बाजू, समान कोन, समान छेद. चिन्हही किती सोपं, दोन आडव्या रेघा! पण दोन वस्तू खरोखर समान करायच्या म्हटलं, की केवढा खटाटोप करावा लागतो, हे मला एका सुताराच्या कारखान्यात समजलं.

आमच्या शाळेच्या वाचनालयाला एक मोठं टेबल हवं होतं. त्याच सुमारास गावातल्या एका आजींचं जुनं घर उतरवलं गेलं. त्यातली सागाची तुळई त्यांनी शाळेला दिली. म्हणाल्या, “सासऱ्यांनी आणलेलं लाकूड आहे. चुलीत नका घालू, पोरांच्या कामी येऊ द्या.” वखारीत कापून तिच्या सहा फळ्या निघाल्या. टेबलाला लागणार होत्याही सहाच. म्हणजे एकही फळी वाया घालवायची सोय नव्हती.

तालुक्याच्या गावी आमचा एक माजी विद्यार्थी सुतारकाम करतो. दहावीनंतर त्यानं आयटीआयमधून कारपेंटरचा कोर्स केला. काम त्याच्याकडे दिलं. फळ्या पोचवायला नववीची दोन मुलंही माझ्यासोबत आली होती.

फळी सपाट करायला आणि तिची कड सरळ करायला त्याच्याकडे रंधा मशीन आहे. हातरंध्यात पातं स्थिर असतं आणि रंधा लाकडावरून फिरतो. इथं उलट. मशीन जागेवर असतं आणि लाकूड त्यावरून सरकवायचं. मशीनला दोन लोखंडी टेबलं असतात. अलीकडच्या टेबलावरून फळी ढकलायची, मधे गरगर फिरणाऱ्या गोल कटर ब्लॉकवर ती तासली जाते आणि पलीकडच्या टेबलावर जाते. अलीकडचं टेबल किंचित खाली असतं. जेवढं खाली, तेवढी साल निघते. कटर ब्लॉकमध्ये तीन पाती बसवलेली असतात. सगळी मेख या तीन पात्यांत आहे.

पहिलीच फळी चढवली आणि मशीनचा आवाज बदलला. त्यानं लगेच बटण बंद केलं. जुन्या लाकडात खोल गेलेला एक खिळा राहून गेला होता. पात्यांना खाच पडली होती, आणि त्या खाचेमुळे फळीवर केसाएवढी उंच रेघ उठली होती. “बाई, तसाही साग पाती लवकर बोथट करतो. आता बदललेलीच बरी,” तो म्हणाला. मुलांना वाटलं, पाच मिनिटांचं काम. लागला दीड तास!

आधी त्यानं प्लग काढला आणि सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला. मग जुनी पाती काढून खाचा ब्रशनं साफ केल्या. पात्याखाली राळेचा किंवा भुशाचा पापुद्रा राहिला तरी पातं तेवढं वर बसतं. धार लावलेली नवी तीन पाती त्यानं काट्यावर तोलून पाहिली. एक जड, एक हलकं असेल तर वेगात फिरताना मशीन थरथरतं.

एवढं करून पाती खाचेत बसवली. आता प्रश्न होता उंचीचा. तिन्ही पात्यांची धार फिरताना सर्वांत वर येते, तेव्हा ती पलीकडच्या टेबलाच्या पातळीला यायला हवी, फार तर नखभर वर. नखभर म्हणजे तरी किती? मिलिमीटरचे दोन-पाच शंभरांश! पाती टेबलापेक्षा जास्त वर राहिली, तर फळीचं शेपूट शेवटी खाली बसतं आणि तिथं खोल चावा पडतो. खाली राहिली, तर फळीचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटतं. आणि तिघांतलं एकच वर राहिलं तर?

“तर ते एकटंच राबतं,” तो म्हणाला. “बाकीची दोन नुसती फिरतात.”

इथं थोडा हिशोब करू. ब्लॉक मिनिटाला ४५०० फेरे घेतो आणि फळी मिनिटाला ६ मीटर सरकते असं धरा. तिन्ही पाती कापत असतील तर १३,५०० काप पडतात, म्हणजे दर ०.४४ मिलिमीटरला एक. एकच पातं कापत असेल तर दर १.३३ मिलिमीटरला एक. मग फळीवर हाताला लागतील अशा लाटा उठतात, आणि ते एकटं पातं लवकर बोथट होतं ते वेगळंच.

एका मुलानं विचारलं, “दादा, पट्टीनं का नाही मोजत?”

“पट्टीवर सगळ्यात बारीक काय, तर एक मिलिमीटर. त्यात हा फरक सापडेल का?”

मग त्यानं एक सरळ, गुळगुळीत लाकडी पट्टी घेतली. तिच्यावर पेन्सिलीनं तीन मिलिमीटर अंतरावर दोन खुणा केल्या. पट्टी पलीकडच्या टेबलावर ठेवली, पहिली खूण टेबलाच्या कडेशी जुळवली आणि ब्लॉक हातानं सावकाश फिरवला. पात्याची धार वर आली, पट्टीला टेकली, तिला थोडं अलीकडे ओढून खाली गेली. दुसरी खूण बरोबर कडेशी आली, तर पातं बरोबर. कमी ओढलं तर पातं वर घ्यायचं, जास्त ओढलं तर खाली. हेच डाव्या टोकाला, हेच उजव्या टोकाला, आणि हेच तिन्ही पात्यांना. दाबपट्टीचे स्क्रूही एकदम नाही आवळायचे. आवळतानाही पातं हलतं. म्हणून थोडं आवळायचं, पुन्हा तपासायचं.

घरी येऊन मी आकृती काढली. धार वर्तुळात फिरते आणि पट्टी जेवढी सरकते, ती त्या वर्तुळाची जीवा. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब तिला दुभागतो, हे नववीचंच प्रमेय. त्रिज्या ५० मिलिमीटर घेऊन पायथागोरस लावला. पातं ०.०२ मिलिमीटर वर असेल तर पट्टी सुमारे २.८ मिलिमीटर सरकते. ०.०५ असेल तर सुमारे ४.५. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा ०.०३ मिलिमीटरचा फरक पट्टीवर दीड मिलिमीटरहून मोठा होऊन दिसतो! तीस रुपयांच्याही किमतीची नसलेली ती पट्टी भिंगाचं काम करत होती.

आणखी एक गोष्ट मला तिथं फार आवडली. त्यानं एक पातं दुसऱ्याशी कधी ताडून पाहिलंच नाही. प्रत्येक पातं त्यानं टेबलाशी जुळवलं, आणि तिन्ही आपोआप एकमेकांशी जुळली. एकाच वस्तूशी समान असणाऱ्या वस्तू परस्परांशीही समान असतात, हे युक्लिडच्या स्वयंसिद्ध तत्त्वांतलं पहिलं. वर्गात ते सांगितलं की मुलं म्हणतात, “यात काय मोठंसं!” त्या दिवशी माझी दोन्ही मुलं गप्प उभी राहून ते बघत होती.

मला तर त्यात आमच्या वर्गाचंही काहीतरी दिसलं. चाळीस मुलांतलं एक नेहमी पुढं. उत्तरं त्यानं द्यायची, फळा त्यानं लिहायचा, बाकीची नुसती फिरतात. आपण पुढच्याचं कौतुक करतो. पण सुतार त्या मशीनला चांगलं म्हणणार नाही.

सहाही फळ्या निघाल्या. दोन फळ्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून त्यानं खिडकीसमोर धरल्या. मधून उजेड आला नाही. आज त्या टेबलाभोवती बारा मुलं बसतात. आजी एकदा येऊन बघून गेल्या. सांध्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, “जोडलंय कुठं, कळत नाही की रे!”

विद्यार्थी मित्रांनो, मशीनला हात लावायचा नाही, पण हे मात्र करून पाहा. तुमच्या कंपासपेटीतला गुण्या पट्टीला टेकवून कागदावर एक उभी रेघ मारा. आता गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही एकमेकींवर बसल्या, तर काटकोन खरा. नाही बसल्या, तर गुण्यात जेवढी चूक आहे, तिच्या दुप्पट फट दिसेल. सुतारही आपला गुण्या असाच तपासतो. ‘समान’ हे चिन्ह लिहिण्याआधी ते असं एकदा तरी हातानं करून बघा.