एक जुलै

माझा जन्म गौरी जेवणाच्या दिवशी तिन्हीसांजेला झाला, असे आई सांगत असे. पुरण शिजत होते, भाज्या चिरून ठेवल्या होत्या आणि मध्येच सुईणीला बोलावण्याची धावपळ उडाली. गौरींचा नैवेद्य त्या वर्षी शेजारच्या काकूंनी दाखवला, हे ऋण आई शेवटपर्यंत विसरली नाही. त्या साली गौरी सप्टेंबरात आल्या होत्या. परंतु सरकारदरबारी मी एक जुलैचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी आईची हकीकत पूर्ण ऐकून घेतली, मान डोलावली आणि रजिस्टरात एक जुलै लिहिले. कागदावर मी अडीच महिन्यांनी मोठा झालो; निवृत्तीही तितकीच आधी येणार, एवढाच काय तो तोटा, असे मी आजवर समजत होतो.

गेल्या हिवाळ्यात रक्तदाब तपासण्यासाठी येथील सरकारी रुग्णालयात गेलो. खिडकीतील मुलीने माझे 'आभा' कार्ड संगणकावर उघडले आणि ती हसली. म्हणाली, "सर, तुम्हीसुद्धा एक जुलैचे? सकाळपासून अकरावे."

मी हसलो नाही. कारण त्या अकरांपैकी दोघे-तिघे तरी माझ्याच हातचे असावेत.

आम्हा मुख्याध्यापकांची ही जुनी रीत. पूर्वी आमच्याकडे शाळेचे सत्र जुलैत सुरू होई आणि पहिलीत घेण्यासाठी मुलाला सहा वर्षे पुरी हवीत. आजी सांगे, "कपाशी वेचत होतो तेव्हा झाला." वडील म्हणत, "लिहा माट्साब, जे बसेल ते." मग जे बसे ते आम्ही लिहीत असू : चालू सालातून सहा वजा करायचे आणि एक जुलै. मूल साडेसहाचे असो की सात उलटलेले, रजिस्टरात ते बरोबर सहाचे. बापालाही ते मानवे, कारण वय कमी लागले तर पुढे नोकरीच्या अर्जाला आणि सेवेला तेवढी वर्षे जास्त मिळतात. तिसाहून अधिक वर्षांच्या नोकरीत अशी किती मुले मी एकाच दिवशी जन्माला घातली, याची मोजदाद केलेली नाही.

या बुऱ्हाणपुरात एका प्रसूतीची नोंद मात्र तारखेनिशी झाली आहे. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल येथे चौदाव्या बाळंतपणात गेली आणि तापीपलीकडे जैनाबादला तिला तात्पुरते दफन केले. बादशहाचे घर म्हणून बखरकारांनी लिहून ठेवले. त्या साली या गावातील किती विणकरांच्या बायका बाळंतपणात गेल्या, ते कोणी लिहिले नाही. आज गावोगावची आरोग्यसेविका गरोदर बाईची नोंद थेट टॅबमध्ये करते, तेव्हा मला हा फरक लहान वाटत नाही.

पण त्या नोंदीचे पुढे काय होते, हे त्या खिडकीपाशी उभे राहीपर्यंत मला नीट ठाऊक नव्हते. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकाला १४ आकडी क्रमांक मिळतो आणि त्याला तपासण्या, औषधे, निदाने जोडता येतात. रोग्याच्या उपचारासाठी केलेली अशी नोंद नाव-पत्ता वगळून संशोधकाच्याही उपयोगी पडते. २०२० साली करोनाच्या काळात इंग्लंडमधील संशोधकांनी 'ओपनसेफली' या व्यवस्थेतून १ कोटी ७२ लाखांहून अधिक प्रौढांच्या दवाखान्यातील नोंदी अशाच तपासल्या. कोणालाही नव्याने टोचले नाही, कोणाच्या दारी कोणी गेले नाही. आधीच लिहिलेले वाचले, इतकेच. त्यातून दिसले की ऐंशी ओलांडलेल्यांना मृत्यूचा धोका पन्नाशीतील माणसांच्या सुमारे वीसपट होता. मधुमेह, दमा, लठ्ठपणा यांचा वाटा त्यांनी मोजलाच; पण सर्वांत भारी ठरले ते वय.

येथे मी थांबलो. नाव काढून टाकले, पत्ता काढून टाकला, तरी संशोधकाच्या हाती वय उरतेच. आणि आमच्याकडे ते वय कोणी लिहिलेले असते? आभा कार्डावरील जन्मतारीख आधारवरून आलेली, आधारवरची पुष्कळदा शाळेच्या दाखल्यावरून, आणि दाखल्यावर सही माझी.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या शाळेत रक्ततपासणी झाली. सहावीतील एका मुलीचे हिमोग्लोबिन ११.७ भरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे पाच ते अकरा वर्षांच्या मुलास ११.५ पुरते, बारा पूर्ण झाले की १२ लागते. टॅबमध्ये मुलीचे वय अकरा, म्हणून तिच्या नावापुढे काही खूण पडली नाही. मुलगी मात्र फिकट दिसत होती आणि प्रार्थनेच्या वेळी दोनदा खाली बसली होती. मी तिच्या आजीला बोलावले. आजीला साल सांगता येईना, पण मोठा नातू दोन वर्षांचा होता आणि संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी ही झाली, हे तिला पक्के आठवत होते. मोठ्या नातवाचा जन्म दवाखान्यात झालेला, त्याचा दाखला घरात होता. हिशेब केला तो जानेवारी २०१३ निघाला. म्हणजे मुलीला बारा पूर्ण होऊन महिना लोटला होता. मी २०१९ साली तिला एक जुलै देऊन साडेपाच महिन्यांनी लहान केले होते, आणि तेवढ्याने ती कागदावर निरोगी ठरली होती.

मी आरोग्यसेविकेला म्हटले, "ताई, हे वय दुरुस्त करा." ती म्हणाली, "सर, ही तारीख आधारची. आधारची तुमच्या दाखल्याची. आधी तुम्ही दुरुस्त करा." यावर मी काय बोलणार? ताईंनी तारखेला हात लावला नाही, पण मुलीला डॉक्टरांकडे पाठवले आणि तिला गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर डोळ्याची खालची पापणी ओढून पाहू शकतो. दूरच्या शहरात बसून हजारो मुलांचे आकडे वाचणाऱ्याला तशी पापणी पाहता येत नाही. चुका दोन्ही बाजूंना होत असत्या तर त्या एकमेकींना खाऊन गेल्या असत्या, असे गणिताचे शिक्षक सांगतात. आमची चूक बहुधा एकाच बाजूची : मुलाला लहान करण्याची. मग शंभर गावांतून अशी माहिती गोळा झाली की पांडुरोगी मुले मोजणीत कमी भरणार, आणि वाचणारा म्हणणार की या भागात बरे चालले आहे.

लोकांना भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. १ जुलै २०२३ रोजी (तारीख पाहा!) शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. हा आजार आईबापांकडून रक्तात येतो; तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी योजलेली, आणि प्रत्येक निकालाची नोंद संगणकात. आमच्याकडे एका बारेला बापाने मला बाजूला घेऊन विचारले, "माट्साब, हे नाव कुठवर जाईल? पोरीचे लग्न व्हायचे आहे." संशोधनासाठी नाव काढून टाकतात, असे मी सांगितले. तो गेला, पण त्याचे समाधान झाले नसावे, आणि खरे पाहता त्याचे चुकलेही नव्हते. अमेरिकेत लताण्या स्वीनी या संशोधिकेने १९९७ च्या सुमारास दाखवून दिले की नाव काढले तरी जन्मतारीख, लिंग आणि टपालविभाग एवढ्यावरून माणूस सापडतो; मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांचीच नोंद तिने अशी हुडकली. आमच्या गावात निम्मे लोक एकाच तारखेचे, तेव्हा येथे त्या बाईंची पंचाईत झाली असती. विनोद सोडा, २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला हे चांगलेच, पण त्या बापाला कलमे नकोत. आपल्याला विचारल्याशिवाय आपला कागद कोणी कोणास दाखवणार नाही, एवढा शब्द त्याला हवा आहे. असा शब्द देणारा माणूस त्याच्या ओळखीचा असावा लागतो, आणि त्याच्या ओळखीचा मी आहे. म्हणूनच माझ्या रजिस्टरातील खोटेपण मला अधिक बोचते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात आधारवरील जन्मतारखेपेक्षा शाळेच्या दाखल्यावरची प्रमाण धरली. इतर कोणताही मुख्याध्यापक या बातमीने सुखावला असता. मी त्या रात्री उशिरापर्यंत जागा होतो.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच तारखेचा पुरावा झाला आहे. ती मुले पहिलीत येतील २०२९ च्या सुमारास. तोवरच्या मुलांचे वय पुष्कळदा आमच्याच हाती आहे. जुन्या नोंदी मला सहजी बदलता येत नाहीत. नियम कडक आहेत आणि ते तसेच असावेत. पण दाखल करून घेताना चार प्रश्न जास्त विचारायला नियमाची आडकाठी नाही. आता मी अंगणवाडीची वही मागवतो, आरोग्यसेविकेच्या नोंदी पाहतो.

यंदा एक आजी नातवाला घेऊन आली. जन्मदाखला नाही, बाळंतपण शेतातल्या झोपडीत झालेले, अंगणवाडीच्या वहीचे ते पान भिजून गेलेले. आजी म्हणाली, "वादळात केळी आडव्या झाल्या, त्याच रात्रीचा." पूर्वी मी मान डोलावली असती. या वेळी तिला बसवून घेतले, चहा मागवला आणि पटवाऱ्याला फोन लावला. त्या गावातील केळीच्या नुकसानीचा पंचनामा त्याच्या बस्त्यात होता. दोन दिवसांनी त्याने वादळाची तारीख कळवली. मी ती आजीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "तेच, तेच." मग मी रजिस्टर उघडले.