शिवलेलं जहाज

आमच्या कंधारमध्ये समुद्र आहे. जगत्तुंग समुद्र. राष्ट्रकूटांच्या काळातला तलाव, नाव मात्र समुद्राचं. खरा समुद्र कुठल्याही दिशेला निघालात तरी चारशे किलोमीटरच्या पुढेच. अशा गावात मी चार महिने जहाज बांधत होतो आणि घरच्यांना वाटत होतं, पोरगं कंपनीचं काम करतंय.

सप्टेंबरमध्ये माझी नोकरी गेली. बारा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, त्यातली दोन मिनिटं समोरच्या मॅडमचा माइक बंद होता. पुण्याची खोली सोडून गावी आलो आणि सांगितलं, "वर्क फ्रॉम होम दिलंय." दर एक तारखेला बचतीतून बाबांच्या खात्यावर नेहमीइतके पैसे टाकायचो. शिक्षणाच्या कर्जाचे १९ हप्ते बाकी होते. सकाळी दहाला वरच्या खोलीत जाऊन दार लोटायचो. नोकरीचे अर्ज दोन तासांत भरून व्हायचे. उरलेल्या दिवसाचं काय करायचं?

त्याच दिवसांत मोबाइलवर 'आयएनएसव्ही कौंडिण्य' दिसलं. नौदलाचं शिडाचं जहाज, साधारण १९.६ मीटर लांब, ६.५ मीटर रुंद. इंजिन नाही. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवल्यात. नमुना अजिंठ्याच्या भित्तिचित्रातला, पाचव्या शतकातला. म्हणजे आपल्या मराठवाड्यातला! आराखडा कुठेच शिल्लक नव्हता, होतं ते फक्त चित्र. आमच्या भाषेत सांगायचं तर स्क्रीनशॉट आहे, सोर्स कोड हरवलाय. त्या चित्रावरून मापं काढली, आयआयटी मद्रासमध्ये चाचण्या झाल्या, बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली केरळच्या कारागिरांनी गोव्यात ते शिवलं आणि मे २०२५मध्ये कारवारला ते नौदलात आलं.

मी ठरवलं, एकास चाळीस. ४९ सेंटीमीटर लांब, १६ रुंद. गावातल्या सुताराकडून सागाच्या दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कापून आणल्या. त्या गरम पाण्यात भिजवून वाकवायच्या, हातड्रिलने कडेला भोकं पाडायची. शिवलेल्या जहाजात आधी खालचा कणा, मग त्यावर फळीला फळी शिवत वर जायचं. आतल्या फासळ्या मागाहून. आधी सांगाडा आणि मग फळ्या, असा सरळ हिशेब इथे चालत नाही. आकार शिवता शिवताच धरावा लागतो.

अकरा ओळी झाल्या आणि फळ्या तडकायला लागल्या. भोकाभोकांतून सरळ चीर. मी चिडून दोरा आणखी आवळायचो, की आणखी एक चीर.

एके दुपारी आई चहा घेऊन वर आली. ती वाकळा शिवते; तिच्या बोटांना टाका बघूनच कळतो. तिने जहाज हातात घेतलं, उलटं केलं.

"इतकं कामून आवळलास? वाकळ अशी आवळली तर पहिल्या धुण्यातच फाटती. अन् भोकं काठाच्या लई जवळ पाडलास."

खरं जहाज शिवतात त्याचं कारणही हेच. लाट आदळली की शिवलेले सांधे थोडे हलतात, मार अंगावर घेतात. मी हे दहा वेळा वाचलं होतं. तरी अकराच्या अकरा ओळी उसवल्या त्या आईने सांगितल्यावर. जाताना तिने तिचा मेण लावलेला दोरा ठेवला. लॅपटॉप बंद होता. त्याबद्दल ती काही बोलली नाही.

२९ डिसेंबरला कौंडिण्य पोरबंदरहून मस्कतला निघालं. रोज बातमी शोधायचो. १४ जानेवारीला, ऐन संक्रांतीला, ते पोचलं. संध्याकाळी आईने तिळगूळ हातावर ठेवला आणि मला राहवलं नाही. सगळं सांगितलं.

"माहीत हाय," ती म्हणाली. "पहिलं घरी आलास की दिवसभर मीटिंगमधी बोलायलास. दिवाळीपासून खोलीतून आवाजच नाही."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगायलास का बघत होते."

बाबा मात्र दोन दिवस बोलले नाहीत. नोकरी गेल्याचं नव्हे, एक तारखेच्या पैशांचं त्यांना लागलं. आपल्या पोराची साठवण आपणच पगार समजून खर्च केली, हे त्यांना सोसेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही काढली. माझ्या खात्यात किती उरलेत, ते किती महिने पुरतील, हप्ता कुणी भरायचा, सगळं लिहिलं. मी पहिल्यांदाच खरा आकडा मोठ्याने सांगितला.

त्या रविवारी आम्ही तिघं जगत्तुंग समुद्रावर गेलो. शिडं अजून लावायची होती. जहाज पाण्यावर सोडलं तर ते डावीकडे कललं आणि शिवणींतून पाणी झिरपायला लागलं. मी उचलायला वाकलो तर बाबांनी हात धरला.

"थांब. लाकूड फुगू दे."

पाऊण तासाने झिरप बरीच कमी झाली. जहाज कललेलंच होतं, पण तरंगत होतं. सोमवारी एक मुलाखत होती. ती घरात सगळ्यांना माहीत होती.