कोयता आणि हार्वेस्टर

चि. सुहास यास,


ऊसतोडणीत कोयता हे नुसते हत्यार नाही, ते मोजमापही आहे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. दसरा-दिवाळी उलटली की बीड आणि शेजारच्या दुष्काळी तालुक्यांतून लाखो माणसे मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर जातात.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस पाडतो. पाडायचा, पाचट सोलायचे, वाढे छाटायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावरून गाडीत चढवायची. एवढ्या सगळ्याचे दोघांना मिळून ७३२ रुपये होतात. लाखाची उचल फेडायला २७३ टन, म्हणजे खाडा न करता १३७ दिवस लागतात. अलीकडे बऱ्याच कारखान्यांचा हंगाम त्याआधीच संपतो. उरलेली बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते, आणि पुन्हा उचल घेतल्याशिवाय सुटका नसते.

या फडात आता हार्वेस्टर उतरला आहे. किंमत कोटीच्या घरात. एक यंत्र दिवसाला शंभर टनांच्या पुढे ऊस तोडू शकते, म्हणजे पन्नास कोयत्यांचे काम. मजूर पुरेसे मिळत नाहीत, उचल घेऊन टोळ्या येतच नाहीत, ही कारखान्यांची तक्रार खोटी नाही. पहाटेच्या थंडीत लहान लेकरू बांधावर निजवून मोळ्या वाहणाऱ्या बाईचे कष्ट तसेच चालू राहावेत, असे कोणी म्हणू नये. यंत्र यायलाच हवे.

पण ते येते कोणाच्या मालकीचे होऊन? सरकारने २०२३ मध्ये किमतीच्या ४० टक्के किंवा कमाल ३५ लाख रुपये अनुदान देऊ केले. बाकीची रक्कम ज्याच्याकडे आहे, किंवा तारण ठेवून जो कर्ज काढू शकतो, त्याच्यापर्यंतच हे अनुदान पोचते. उचलीत अडकलेला कोयता बँकेच्या पायरीपर्यंतही जात नाही. पन्नास जोड्यांत वाटली जाणारी तोडणीची मजुरी अशा रीतीने एका मालकाच्या खात्यावर जमू लागते. त्यातून डिझेल आणि हप्ते जातात हे खरे. पण हप्ते फिटल्यावर त्याच्या हाती यंत्र उरते. कोयत्याच्या हाती काही उरत नाही. वाढ्याच्या पेंढ्या विकून मिळणारे रोजच्या मीठमिरचीचे पैसेही जातात, कारण यंत्र शेंडा तोडून शेतातच फेकते.

शेतकऱ्यांतही यंत्रामुळे फट पडते. यंत्राला सरीत चार-पाच फुटांचे अंतर आणि वळायला जागा लागते. सलग पाच एकरांचा फड आधी तुटतो. वीस गुंठ्यांचा तुकडा वाट पाहत राहतो, उसाला तुरे येतात आणि वजन घटते.

यंत्र आले की दरी रुंदावतेच, असा मात्र नियम नाही. साखर कारखाना हेही एक महागडे यंत्रच होते. १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांना सभासद करून ते उभे केले, आणि ज्यांची एकेकट्याने एक चाकही घेण्याची ऐपत नव्हती ते कारखान्याचे मालक झाले. त्या सहकारात ऊस पिकवणाऱ्याला शेअर मिळाला. तोडणाऱ्याचा ऊस नव्हता, म्हणून तो सभासदही झाला नाही.

हार्वेस्टरच्या निमित्ताने ती चूक सुधारता येते. पन्नास कोयत्यांची एक संस्था, तिला अनुदान, कारखान्याच्या हमीवर कर्ज आणि त्यांच्याच पोरांना यंत्र चालवण्याचे शिक्षण, एवढे केले तरी पुरे. अनुदानाचा पहिला हक्क ज्याचे काम यंत्र घेणार आहे त्याचा असला पाहिजे. तू बँकेत आहेस. असा प्रस्ताव टेबलावर आला, तर तारण नाही म्हणून परत पाठवू नकोस.

तुझा,
काका