वैधानिक इशारा

वैधानिक इशारा: हा लेख लांब आहे. यात 'सैराट'चा शेवट सांगितलेला आहे आणि खुनाचा उल्लेख आहे (वर्णन नाही). शनिवार खराब करून घ्यायचा नसेल तर रविवारी वाचा, लेख कुठे पळून जात नाही.

तर मंडळी, आजचा विषय वरच्या तीन ओळींसारख्या ओळींचाच आहे.

माझी एक मैत्रीण आहे, डोंबिवलीची. दिवसा टेस्टिंग करते आणि रात्री फॅनफिक्शन लिहिते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: दुसऱ्याच्या कथेतली पात्रं घ्यायची आणि त्यांची आपली गोष्ट लिहायची. नाक मुरडायचं कारण नाही. महाभारतातलं एक छोटं उपाख्यान घेऊन खांडेकरांनी 1959 मधे 'ययाति' लिहिली, कर्णावर शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय' आणि रणजित देसाईंनी 'राधेय' लिहिली. आपल्याकडे हा धंदा जुना आहे, फक्त नाव नवीन.

तर या बाईंनी 'सैराट'वर एक गोष्ट लिहिली. आर्ची-परश्याचं बाळ मोठं होतं आणि वीस वर्षांनी आईच्या गावी परत येतं. गोष्ट चांगली आहे. मधे एका ठिकाणी त्या मुलाला कोणीतरी त्या दिवशी घरात नेमकं काय झालं ते सांगतं, आणि ते तिने सगळं लिहिलंय. चाकू, फरशी, सगळं. सिनेमात जे दाखवलं नाही तेही.

दोन दिवसांनी तिला एका वाचक मुलीचा मेसेज आला. थोडक्यात असा: आमच्या घरात हे घडलंय. मी लोकलमधे उभी राहून वाचत होते, गर्दीत. आधी कळलं असतं तर घरी जाऊन वाचलं असतं. गोष्ट आवडली.

मैत्रिणीने मला विचारलं, "अरे, मी वर इशारा टाकायला हवा होता का? आणि टाकला तर गोष्टीत राहिलं काय?"

प्रश्न योग्य आहे आणि तिची बाजूही हलकी नाही. 'सैराट' 29 एप्रिल 2016 ला आला तेव्हा अर्धं थिएटर 'झिंगाट'वर नाचत होतं आणि शेवटी तेच थिएटर मुकाट्याने बाहेर पडलं. तो धक्का हाच सिनेमा आहे. नागराज मंजुळेंनी सुरुवातीला 'यात ऑनर किलिंग आहे' अशी पाटी लावली असती तर आपण पहिल्या मिनिटापासून सावध बसलो असतो, आणि अशा घटनांमधे कोणी सावध नसतं हेच तर त्यांना दाखवायचं होतं. (2018 च्या 'धडक'ने तो शेवट बदलला. ते एक प्रकारचं अधिकृत फॅनफिक्शनच म्हणायला हरकत नाही :-) )

दुसरी भीतीही आहे आणि मराठी माणसाला ती चांगली ठाऊक आहे. 'यात काय आहे' असं विचारता विचारता 'हे काढून टाका' कधी होतं ते कळत नाही. 1972 मधे 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंगांना परीक्षण मंडळाशी आणि मग कोर्टात झगडावं लागलं. 'बाइंडरचे दिवस' वाचलंय त्यांना तो किती मनस्ताप होता ते माहीत आहे. पण इथे एक फरक लक्षात घ्या. तिथे दुसरा कोणीतरी प्रेक्षकाच्या वतीने ठरवत होता. लेखिकेने स्वतःहून दोन ओळी लिहिल्या तर ठरवणारा वाचकच असतो. कापाकापी काहीच होत नाही, उलट लेखिका म्हणू शकते की मी सांगितलं होतं, आता मला हवं ते लिहू द्या.

आता तिच्या वाचकाचा मेसेज परत वाचा. 'वाचलं नसतं' असं ती म्हणत नाहीये. 'घरी जाऊन वाचलं असतं' म्हणतेय. माझ्या मते सगळा मुद्दा इथे आहे. इशारा म्हणजे गोष्टीपासून लांब ठेवणारं कुंपण असं आपण धरून चालतो. तिने मागितलं होतं ते फक्त वेळ आणि जागा निवडता येणं.

मी खडवलीला राहतो, त्यामुळे मला हे इंडिकेटरसारखं वाटतं. संध्याकाळी ठाण्याला उभं राहिल्यावर गाडी टिटवाळा आहे की आसनगाव-कसारा, हे मला कळलंच पाहिजे. टिटवाळा लोकल माझ्या एक स्टेशन अलीकडे संपते. इंडिकेटर मला प्रवासातली गंमत सांगत नाही, खिडकी मिळेल का सांगत नाही, चढू नकोस असंही म्हणत नाही. गाडी कुठपर्यंत जाते एवढंच सांगतो. चढायचं की नाही ते मी बघतो.

पण इशारा कसा लिहायचा हाही प्रश्न आहेच, कारण बहुतेक इशारे निरुपयोगी असतात. आमच्याकडे भातसा नदी आहे. सुट्टीच्या दिवशी कल्याण-डोंबिवली-उल्हासनगरची पोरं डुंबायला येतात आणि दर काही दिवसांनी कोणीतरी बुडाल्याची बातमी येते. 'पाण्यात उतरू नये' या पाटीच्या शेजारी कपडे काढून ठेवतात लोक! पण गावातला कोणी म्हणाला की "त्या खडकाच्या पलीकडे जाऊ नका, तिथे एकदम खोल आहे", तर तीच पोरं ऐकतात. पहिल्यात हुकूम आहे, दुसऱ्यात माहिती आहे.

सिनेमातल्या सिगरेटचंही तेच. 2 ऑक्टोबर 2012 पासून सिगरेट दिसली की खाली पट्टी येते. 2013 मधे वुडी अ‍ॅलनने या पट्टीमुळे 'ब्लू जास्मिन' भारतात प्रदर्शित करायलाच नकार दिला. आता ती पट्टी किती जणांना दिसते? आमच्या धंद्यात याला उत्तम उदाहरण आहे. बिल्ड केला की कंपायलर शेकडो वॉर्निंग ओकतो आणि आपण सगळे फक्त एरर शोधतो. प्रत्येक गोष्टीला इशारा दिला की एकही इशारा उरत नाही. म्हणून 'संवेदनशील वाचकांनी वाचू नये' हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. त्यात माहिती शून्य, वर वाचकाला नाजूक म्हणून मोकळे.

याचं सगळ्यात चांगलं डिझाइन मी पाहिलंय ते 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅनफिक्शनच्या संग्रहाचं. 2009 मधे सुरू झालेला, वाचक-लेखकांनीच चालवलेला, 2019 मधे ह्यूगो पुरस्कार मिळालेला. तिथे ठरावीक चारच मोठे इशारे आहेत: हिंसेचं सविस्तर वर्णन, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार, आणि अल्पवयीन पात्रांचे लैंगिक संबंध. शिवाय दोन पर्याय. एक, 'यातलं काहीही नाही'. दुसरा, 'मी इशारे न द्यायचं ठरवलंय'.

डेटाबेसवाल्यांच्या लगेच लक्षात येईल. ही फॉल्स आणि नल यातली गोष्ट आहे! रिकामी जागा ठेवली तर वाचक ती 'काही नाही' अशी वाचतो आणि तिथेच फसतो. 'सांगणार नाही' असं स्पष्ट सांगितलं की धक्क्याचा हक्क लेखकाकडे राहतो आणि जोखीम घ्यायची की नाही हा निर्णय वाचकाकडे. मंजुळेंच्या शेवटासारखा शेवट लिहायचा असेल त्याने खुशाल हा पर्याय निवडावा. ज्यांना रसभंगाची चीड आहे असे वाचक सेटिंगमधे जाऊन इशारे लपवूही शकतात.

आता विरुद्ध बाजूचा एक भक्कम पुरावा सांगितलाच पाहिजे. 2023 मधे ब्रिजलँड आणि सहकाऱ्यांनी अशा इशाऱ्यांवरच्या 12 अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं. निष्कर्ष असा की इशाऱ्यामुळे पुढचं वाचताना होणारा त्रास कमी होत नाही, उलट आधीची धाकधूक वाढते, आणि लोक ते टाळतात असंही दिसत नाही. म्हणजे इशारा हे औषध नव्हे. मला हे पटतं. इशारा दिला म्हणून आपण कोणाची मानसिक काळजी घेतली असा आव आणू नये. पण टिटवाळ्याची पाटी बघून माझा प्रवास काही सुखाचा होत नाही, तरीही ती पाटी काढा असं मी म्हणणार नाही.

शिवाय फॅनफिक्शनला हे जास्त लागू आहे असं मला वाटतं. पुस्तकाला मलपृष्ठ असतं, सिनेमाला ट्रेलर आणि प्रमाणपत्र असतं, ओटीटीला 2021 च्या नियमांपासून वयोगट आणि आशयाचं वर्णन द्यावं लागतं. फॅनफिकला यातलं काही नाही, आणि पात्रं मात्र वाचकाच्या आधीपासूनच जवळची असतात. आर्चीचं नाव बघून माणूस ओळखीच्या घरात शिरल्यासारखा शिरतो. मग आत काय आहे ते दारातच सांगायला यजमानाचं काय जातं?

मैत्रिणीला मी जे सांगितलं ते इथेही देतो, कोणाला उपयोग झाला तर झाला:

1. नेमकं लिहा. 'संवेदनशील विषय' नको. 'घरच्यांनी केलेला खून, सविस्तर वर्णन' असं लिहा.
2. मोजकं लिहा. पाल, झुरळ, सासूचे टोमणे यांना इशारा नको.
3. कोणाचं, कधी, कसं हे वर नको. तो तपशील शेवटी द्या आणि 'सविस्तर शेवटी आहे' एवढं वर लिहा. ज्याला हवं तो खाली जाऊन बघेल.
4. सांगायचंच नसेल तर तसं सांगा.

तिने तिसरा नियम वापरला. वर एक ओळ आली, गोष्टीतला एक शब्दही बदलला नाही. ती ओळ टाकल्यावर वाचक घटले का, असं मी विचारलं तर म्हणाली, "मोजले नाहीत."

असो. माझं मत 'हो, द्यावा' असं आहे, पण सक्ती नको. उद्या कोणी नियम करून प्रत्येक गोष्टीवर पट्टी चिकटवायला लागला तर मी विरुद्ध पार्टीत असेन. तुम्ही लिहीत असाल तर काय करता? आणि नुसतं वाचत असाल तर अशी एखादी गोष्ट आठवते का, जी वाचायचीच होती, पण त्या दिवशी नको होती?